पदर सुटतात कसे? घरच्या साखरेच्या खारीमागचं सोपं विज्ञान

पफ पेस्ट्रीच्या पिठात खायचा सोडा नसतो, बेकिंग पावडर नसते, यीस्टही नसतं. मैदा, बटर, पाणी आणि चिमूटभर मीठ, बस्स. तरीही चार मिलिमीटर जाडीची पोळी ओव्हनमध्ये गेली की कितीतरी पट वर उचलली जाते आणि दाताखाली तिचे पदर चुरचुरत मोडतात. बेकरीतली खारी, पॅटीस, साखर लावलेली हृदयाच्या आकाराची बिस्किटं ही सगळी याच पिठाची. फ्रेंच लोक त्या हृदयाला पाल्मिये म्हणतात. आपण तिला साखरेची खारी म्हणू.

मोबाइलवर ही खारी करण्याचे व्हिडिओ सतत दिसतात आणि ते बघून करणाऱ्यांचा अनुभव बहुतेकदा सारखाच असतो: ट्रेमध्ये बटर पाझरून साचतं आणि हातात येतं एक चपटं, तेलकट बिस्किट. माझ्या मते यात करणाऱ्याच्या हाताचा दोष फार कमी असतो. या कृती अठरा-वीस अंशांच्या थंड स्वयंपाकघरात बसून लिहिलेल्या असतात आणि आपण त्या तीस अंशांत करायला जातो. पदर कशामुळे सुटतात हे एकदा कळलं, की कृतीत कुठे बदल करायचा हे आपोआप सुचतं.

फुगवण्याचं काम पाण्याचं

तव्यावरचा फुलका आठवा. विस्तवावर टाकला की आतल्या ओलाव्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटून फुलका टम्म फुगतो. पफ पेस्ट्री म्हणजे एकावर एक रचलेले असे अनेक फुलके, फरक इतकाच की दर दोन पापुद्र्यांच्या मध्ये बटरचा पातळ थर आहे.

पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. एका छोट्या चमच्यात मावणाऱ्या 5 मिलिलिटर पाण्याची वाफ आठ लिटरच्या वर जाते. ही वाफ पिठातल्या पाण्यातून येते, तशी बटरमधूनही येते. विकतच्या बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि साधारण 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं. ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्याचा थर दोन पापुद्र्यांना चिकटू देत नाही, आणि वाफ त्यांना वर ढकलते. तोवर मैद्यातला स्टार्च शिजतो, प्रथिनं घट्ट होतात आणि पापुद्रे वर उचललेल्या अवस्थेतच कडक होतात. वाफ निघून जाते, पोकळी राहते.

या सगळ्याला ताणलं तरी न फाटणारा पापुद्रा लागतो. तो देतं ग्लूटेन. मैद्यात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची जी लवचीक जाळी तयार होते, तिला ग्लूटेन म्हणतात.

मोहन घातलं तर पदर का सुटत नाहीत?

शंकरपाळ्यांतही मैदा आणि तूप असतं. मग त्या पदर सोडून फुलत का नाहीत? तिथे आपण गरम तुपाचं मोहन पिठाला चोळून चोळून लावतो. मैद्याच्या कणाकणाला तूप लागतं, ग्लूटेनची जाळी लांबवर विणली जात नाही, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. पफ पेस्ट्रीत स्निग्ध पदार्थ पिठात मुरवायचा नसतो, पिठापासून अलग ठेवायचा असतो. पीठ वेगळं, बटर वेगळं, आणि शेवटपर्यंत दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

ट्रेमध्ये साचलेलं बटर हेच सांगत असतं. लाटताना बटर वितळून पिठात मुरलं, थर नाहीसे झाले. आपण खारी करायला घेतली होती, झालं ते मोहन जास्त झालेलं बिस्किट.

घड्यांचं गणित

पिठाच्या पोळीत बटरची चपटी वडी गुंडाळायची, लांबट लाटायची आणि तिची तिपदरी घडी घालायची: एक तृतीयांश भाग मध्ये आणायचा, उरलेला त्याच्यावर. एका थराचे तीन झाले. पुन्हा लाटून पुन्हा घडी, नऊ. तिसरीला सत्तावीस, चौथीला 81. फ्रेंच पद्धतीत अशा सहा घड्या घालतात, तेव्हा बटरचे 729 थर होतात.

घरी सहा घड्यांचा हट्ट धरू नये असं मला ठामपणे वाटतं. चार घड्या घालून पोळी 4 मिलिमीटर लाटली, तरी पीठ आणि बटर मिळून एकेका थराची जाडी एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी होते. प्रत्येक जादा घडी म्हणजे लाटण्याचा जादा वेळ, आणि आपल्या हवेत तो वेळ बटरला सोसत नाही. साखरेच्या खारीला चार घड्या पुरतात.

खरी अडचण: आपली हवा

बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं हे खरं, पण त्याच्या पुष्कळ आधीच ते कामातून जातं. लाटण्यासाठी त्याची योग्य अवस्था साधारण 13 ते 18 अंशांची. या पट्ट्यात ते वाकतं पण तुटत नाही, दाबलं तर पसरतं पण बोटाला चिकटत नाही. त्याहून थंड असेल तर लाटण्याखाली त्याचे तुकडे होतात, तुकड्यांच्या कडा पीठ फाडतात आणि थर मध्येच खंडित होतो. गरम असेल तर ते पिठात शिरतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या बटर चार-पाच अंशांवर असतं, म्हणजे अतिथंड. आणि मुंबईत मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर पाहता पाहता पट्ट्याच्या वर जातं.

तेव्हा आपल्याला हाती लागणारा वेळ थोडा आहे. तो वाढवण्याचे उपाय साधे आहेत.

पहिला उपाय वेळ निवडण्याचा. नाशिक-पुण्याकडची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ या कामाला उत्तम. मुंबई, कोकण, गोव्यात थंडीची तेवढी साथ नसते, तिथे सकाळी लवकर, शेगडी पेटवण्याआधी घड्या घालून घ्याव्यात. पंखा चालू असला तर पिठावर पटकन पापडी धरते, म्हणून ओलसर फडकं हाताशी ठेवावं.

दुसरा उपाय ओट्याचा. ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा असेल तर तो या कामाला लाकडी पोळपाटापेक्षा कितीतरी चांगला, कारण दगड हातातली आणि पिठातली उष्णता ओढून घेतो. लाटायच्या आधी दहा मिनिटं त्यावर बर्फ भरलेली परात ठेवावी, मग ओटा कोरडा पुसून घ्यावा. पिठाला बर्फाचं पाणी. मैदासुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये.

तिसरा आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे थांबणं. थंड देशांतल्या कृतीत दोन घड्या लागोपाठ घालून मग पीठ विसावायला ठेवतात. आपण प्रत्येक घडीनंतर फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवावं. याने बटर थंड होतंच, शिवाय ताणलेलं ग्लूटेन सैल पडतं. लाटताना पोळी पुन्हा पुन्हा आकसून मागे येत असेल तर ते ग्लूटेन दमल्याचं लक्षण आहे. अशा वेळी जोर लावू नये, गुपचूप झाकून आत ठेवून द्यावं. चार घड्यांना दोन-अडीच तास जातात, पण प्रत्यक्ष हाताचं काम त्यात पाव तासाच्या थोडं वरच असतं. बाकी वेळ फ्रीज काम करतो.

लाटताना पोळीवर कुठे पिवळा, ओलसर डाग दिसला तर तिथे बटर वर येतंय. डागावर चिमूटभर मैदा भुरभुरावा आणि जसं असेल तसं फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवावं. वेळीच थांबलं तर पीठ वाचतं.

साखरेची खारी: प्रमाण आणि कृती

मैदा 250 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 200 ग्रॅम, बर्फाचं पाणी साधारण 125 मिलिलिटर, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर एक चमचा, पाव चमचा मीठ, वर लावायला 100 ते 120 ग्रॅम साखर. बिनमिठाचं बटर मिळालं नाही तर नेहमीचं खारं बटर चालेल, मग पिठात वेगळं मीठ घालू नये. लिंबाच्या आंबटपणाने पीठ जरा मऊ पडतं आणि लाटताना कमी आकसतं.

मैद्यात 25 ग्रॅम बटर हलकं चोळावं, एवढंसं मोहन चालतं. पाणी थोडं थोडं घालत पीठ गोळा होईल इतकंच मळावं. पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसायचं नाही, मळायचं काम पुढचं लाटणंच करणार आहे. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा.

उरलेलं 175 ग्रॅम बटर दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून लाटण्याने ठोकून 15 सेंटिमीटरची चौकोनी वडी करावी. वडी वाकवली तर न तडकता वाकली पाहिजे. पीठ आणि बटर बोटाने दाबून पाहावं, दोन्ही सारखीच घट्ट लागली की तयारी झाली. हातात थर्मामीटर नसेल तरी या एका खुणेवर विसंबून राहता येतं.

पीठ वडीच्या साधारण दुप्पट आकाराचं लाटून बटर मध्ये तिरकं ठेवावं, चारही कोपरे वर आणून पाकिटासारखं बंद करावं आणि लांबट लाटायला घ्यावं. लाटणं आधी जागोजागी दाबत न्यावं, मग फिरवावं. कडेवरून लाटणं खाली घसरू देऊ नये, कडा चेपल्या की तिथले थर चिकटतात. तिपदरी घडी, फ्रीज, पीठ काटकोनात फिरवून पुन्हा लाटणं. अशा चार घड्या. सुका मैदा ब्रशने झटकून मगच घडी घालावी.

शेवटचं लाटताना ओट्यावर मैद्याऐवजी साखर पसरायची. आपली नेहमीची साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरवर एक-दोन झटके देऊन भरड करावी. पिठीसाखर इथे वापरू नये, ती ओलावा शोषून चिकट होते आणि कुरकुरीत कवच मिळत नाही. वेलदोड्याची पूड साखरेत घातली तर सुरेख लागते. पिठाचे दोन भाग करून एकेक भाग 30 बाय 24 सेंटिमीटर लाटावा, वरूनही साखर पेरून लाटण्याने हलकी दाबावी. 30 सेंटिमीटरच्या बाजूची दोन्ही टोकं गुंडाळत मधोमध आणावीत, दोन गुंडाळ्या एकमेकींना भेटल्या की फ्रीजरमध्ये वीस मिनिटं. मग धारदार सुरीने एक सेंटिमीटरचे काप. सुरी बोथट असेल तर काप चेपतो, म्हणजे पुन्हा थर चिकटतात.

काप ट्रेमध्ये आडवे ठेवायचे आणि एकमेकांपासून चांगले तीन बोटं लांब. कारण आता थर उभे आहेत. पोळी सपाट ठेवली असती तर ती वर फुगली असती, पण काप आडवा पडल्यामुळे तो आडवाच पसरतो. हृदयाचा आकार लाटून येत नाही, तो ओव्हनमध्ये फुगताना येतो.

ओव्हन 200 ते 210 अंशांवर पुरता तापलेला हवा. लहान ओटीजीचा दिवा विझल्यावरही दहा मिनिटं जास्त थांबावं. ओव्हन थंड असेल तर वाफ जोर धरायच्या आधीच बटर वितळून वाहून जातं. पहिली दहा-बारा मिनिटं दार उघडायचं नाही. मग काप उलटावेत आणि साखर तांबूस होईपर्यंत आणखी पाच ते आठ मिनिटं ठेवावेत. साखर 160-170 अंशांच्या पुढे करपटसर तांबडी होऊ लागते, शेवटच्या दोन मिनिटांत रंग झपाट्याने बदलतो, तेव्हा तिथून हलू नये. फिक्या रंगावर काढण्याचा मोह आवरावा. आत ओलावा राहिला की थंड झाल्यावर खारी चिवट लागते.

उरलेले कच्चे काप फ्रीजरमध्ये नीट बंद डब्यात ठेवता येतात आणि तसेच गोठलेले थेट ओव्हनमध्ये जातात, उलट जास्तच छान फुलतात.

याच पिठाच्या पट्ट्या पिळून साखरेत घोळवल्या की कांड्या होतात. चौकोन कापून त्यात करंजीचं सुक्या खोबऱ्याचं सारण किंवा घट्ट आंब्याचा जॅम भरला की त्रिकोणी पुड्या. रसाळ सारण मात्र नको, खालचा पापुद्रा ओला राहतो. पुड्यांना वर दोन चिरा द्याव्यात आणि दूध लावायचं तर फक्त वरच्या अंगाला. कापलेल्या कडेवर दूध ओघळलं तर ते डिंकासारखं थर बांधून टाकतं.

मार्जरीन वापरलं तर सगळं सोपं होईल ना?

सोपं होतं, हे खरं. बेकरीत पफसाठी वापरलं जाणारं मार्जरीन मुद्दाम जास्त तापमानाला वितळेल असं बनवलेलं असतं, त्यामुळे गरम भट्टीशेजारीही त्याचे थर टिकतात. पण जे ओट्यावर वितळत नाही ते तोंडातही सहज वितळत नाही. बटर शरीराच्या 37 अंशांखाली वितळतं, म्हणून जिभेवर विरघळतं. मार्जरीनची खारी खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो तो यामुळे.

दुसरा मुद्दा ट्रान्स फॅटचा. द्रव तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळून ते घट्ट करताना तयार होणारा हा स्निग्ध पदार्थ हृदयविकाराचा धोका वाढवतो. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपांतलं त्याचं प्रमाण 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणलं. त्यामुळे आजचं मार्जरीन पूर्वीच्या वनस्पती तुपाइतकं वाईट राहिलेलं नाही. ते बहुतेकदा पामतेलापासून करतात आणि संपृक्त चरबी त्यात भरपूर असते. संपृक्त चरबी बटरमध्येही आहे. आरोग्याच्या नावाखाली बटरची शिफारस मी करणार नाही, चवीच्या नावाखाली नक्की करेन.

एवढं बटर पोटात जाणार?

वरच्या प्रमाणात चाळीस-पंचेचाळीस छोट्या खाऱ्या होतात. एकीत बटर साडेचार ग्रॅमच्या आसपास, साखर अडीच ग्रॅम, मैदा धरून साठएक कॅलरी. चहाबरोबर दोन खाल्ल्या तर हिशेब हाताबाहेर जात नाही. पाच-सहा खाल्ल्या तर जातो. हा सणावाराचा पदार्थ आहे आणि तसाच राहावा.

घरचं लोणी किंवा तूप चालेल का?

ताक घुसळून काढलेल्या लोण्यात पाण्याचं प्रमाण दर वेळी वेगळं असतं आणि ते विकतच्या बटरपेक्षा बरंच जास्त असू शकतं. फडक्यात बांधून, थंड पाण्यात दाबून दाबून ताक काढलं, फ्रीजमध्ये घट्ट केलं तर जमतं. पहिल्याच वेळी मात्र विकतचं बटर घ्यावं.

तुपाची गोष्ट वेगळी. त्यात पाणी जवळपास नसतंच, म्हणजे बटरमधून मिळणारी वाफ गेली. शिवाय घट्ट तूप रवाळ असतं, त्याचा सलग थर लाटला जात नाही, आणि उन्हाळ्यात तर ते पातळच होतं.

मैद्याऐवजी कणीक?

कणकेतल्या कोंड्याचे कण ग्लूटेनची जाळी कापतात, पापुद्रा ताणला की फाटतो. मैद्याच्या पाव हिश्शाइतकी कणीक घातली तर चालते, पाणी एक-दोन चमचे जास्त लागतं आणि खरपूस चव येते. पूर्ण कणकेची खारी मैद्याच्या खारीइतकी फुलत नाही.

तयार शीट मिळते की!

मिळते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने खुशाल तिच्यापासून सुरुवात करावी. भाजणं, कापणं, साखर लावणं यांचा अंदाज तिच्यावर येतो. फक्त पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. बटर लिहिलंय की वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, हे तिथे कळतं. शीट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सैल करावी, बाहेर ओट्यावर नाही.

आणि ओव्हनच नसेल तर?

एअर फ्रायरमध्ये 180 ते 190 अंशांवर थोड्या थोड्या खाऱ्या छान होतात. त्यातल्या पंख्याच्या वाऱ्याने हलके काप उडतात, म्हणून आधी पाचेक मिनिटं वर छोटी जाळी ठेवावी. कढईत किंवा कुकरमध्ये मीठ तापवून भाजायची युक्ती केकला ठीक, इथे मी ती सुचवणार नाही. वरून पुरेशी धग मिळत नाही आणि साखरेला रंग येत नाही.

ओव्हन नसलेल्या घरासाठी आपल्याकडे चिरोटे आहेत, आणि त्यांच्यामागचं तत्त्व हेच. थंडीत गोठणाऱ्या बटरची मदत नसताना पदर कसे राखायचे, याचं उत्तर साट्यात आहे. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोर घातलं की घट्ट, पसरता येईल असा लेप होतो. तूप ओघळून जात नाही, आणि पिठीचे कण दोन पोळ्यांना एकमेकींत मिसळू देत नाहीत. पातळ पोळ्यांना साटा लावून एकावर एक रचायच्या, घट्ट गुंडाळी करायची, काप करून हलक्या हाताने लाटायचं. बटरला जे फ्रीज करतो, ते इथे पिठी करते.

तळताना तूप मध्यमाहून मंद असावं आणि चिरोटा तुपात सोडला की झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवत राहावं. वाफ वरच्या पदरांतूनही बाहेर पडते आणि ते एकेक करून उलगडतात. आच मोठी ठेवली तर बाहेरचा पदर आधीच कडक होतो आणि आतले मिटलेले राहतात. निथळून किंचित कोमट असताना पिठीसाखर भुरभुरावी. पाकातले करायचे असतील तर ते त्याच दिवशी संपवावेत. कोरडे मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगले राहतात.

साखरेच्या खारीलाही असाच डबा लागतो, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात ती मऊ पडली तर 150 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून जाळीवर गार करावी, पुन्हा कुरकुरीत होते.